अक्षरांची पोटं

पेन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माझ्या काउंटरला टेकलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "माझं अक्षर एके काळी फार सुंदर होतं हो." इतक्या वर्षांत एकानंही "माझं अक्षर जन्मापासून भिकार आहे, तरी एक पेन द्या" असं म्हटलेलं नाही. मग डोंबिवलीतले हे सगळे सुंदर अक्षरवाले गेले कुठे आणि सोसायट्यांच्या नोटिसा लिहितं कोण, हे कोडं मला सुटलेलं नाही. मी मात्र प्रत्येकाला त्याच आश्चर्यानं म्हणते, "हो का! दिसतंच तुमच्या बोटांवरून." कॉलेजात मी एकांकिकांतून कामं करायची. बक्षीस एकदाच मिळालं, तेही उत्तेजनार्थ. पुढे लग्न होऊन पेनांच्या दुकानात आले आणि रंगभूमीची हौस काउंटरवर भागवून घेतली. इथे रोज प्रयोग असतो, आणि प्रेक्षक आपल्या पायांनी येतात.

दुकान माझ्या सासऱ्यांचं, नानांचं. डोंबिवली पूर्वेला, गल्लीत, इतकं अरुंद की आत दोन गिऱ्हाइकं आली तर एकानं श्वास घ्यावा आणि दुसऱ्यानं सोडावा. माझा नवरा ठाण्याला नोकरी करतो आणि त्याला पेन आणि पेन्सिल यांतला फरक केवळ माझ्या धाकानं कळतो. त्यामुळे नानांनी ही विद्या मला दिली. अजूनही नवा माणूस आला की माझ्या खांद्यावरून आत डोकावतो. "शेठ नाहीत का?" मी उठते, मागच्या पडद्याआड जाते, पदर सारखा करून पुन्हा बाहेर येते आणि म्हणते, "बोला, मीच शेठ."

हल्लीची तरुण गिऱ्हाइकं व्हिडिओ बघून शिकून येतात. खिशात भिंग असतं. शाई कागदावर वाळली की तिच्यात लाल झाक दिसते का, चमकी दिसते का, असे प्रश्न विचारतात. ज्ञान अफाट. परवा अशाच एकाला मी विचारलं, "एवढी पेनं घेतोस, लिहितोस काय रे?"

"रिव्ह्यू," तो म्हणाला.

"कशाचे?"

"पेनांचे."

मी त्याला मनोभावे नमस्कार केला. धंदा असल्याच भक्तांवर चाललाय.

आणि एक होते बाळकुमचे शेतकरी. म्हणजे पूर्वीचे. आता शेतात टॉवर उभे आहेत. गळ्यात साखळी, हातात कडं, सोबत नऊवारीतली म्हातारी आई. मी म्हटलं, "ठाण्यात पेनं मिळत नाहीत का, एवढ्या लांब आलात?"

"मिलतान गो ताय. पन तिकरं आयेला लिवून बगाला देत नाय."

बिल्डरबरोबर कागद व्हायचे होते आणि म्हातारीला अंगठा द्यायचा नव्हता. ती माझ्याकडे बघून ठणकावून म्हणाली, "आंगठं दिऊन दिऊन जमीन गेली. र्‍हायलीय ती तरी सई करून जाव दे." मी तिला जाड, गोल टोकाची निब बसवून दिली. नवख्या हाताला टोकदार निब टोचते. ती काउंटरवर बसून सबंध दुपार आपलं नाव काढत होती, आणि मुलगा बाहेर गाडी लावायला जागा शोधत गल्लीला फेऱ्या मारत होता.

आता जरा शास्त्र. घाबरू नका, पेपर घेणार नाही. शाईपेनाच्या निबेला टोकापर्यंत एक बारीक चीर असते. निबेखाली काळी पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणतो. आतली शाई जिभेवरून चिरेत उतरते आणि कागद तिला ओढून घेतो. माणसानं फक्त टेकवायचं आणि न्यायचं. पण बॉलपेननं बिघडलेली मंडळी पेन असं रेटतात की जसा काही ड्रॉवर अडकलाय. मग चीर फाकते, शाई सांडते, आणि मला ऐकवतात, "तुमचं पेन लीक होतं." शिवाय निब हळूहळू लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजते. वीस वर्षं वापरलेलं पेन दुसऱ्याच्या हातात खरखरतं ते याच कारणानं. त्यात पेनाचा दोष नसतो, निष्ठा असते.

दुरुस्तीला पेन आलं की नाना आधी ते गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचे आणि लिहायला सांगायचे. मी नवी असताना निबेवर भिंग धरून बसायची. नाना म्हणायचे, "निब काय बघतेस? पळून जाणार आहे का ती? हात बघ." निबेचे आजार दोन-चार. वाकते, फाकते, तुंबते, झिजते. हाताचे आजार मोजता येत नाहीत.

हे नानांनी स्वतःही एका गिऱ्हाइकाकडून शिकून घेतलं होतं, आणि महागात. मी दुकानात आले त्याच सुमाराला, कल्याणला कचेरीबाहेर बसून लोकांना अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ होते. ते येऊन म्हणायचे, पेन गिचमिड करतंय. नानांनी निब बदलली, जीभ धुतली, तरी तक्रार तीच. एक दिवस त्यांच्याऐवजी त्यांचा मुलगा आला. वडिलांना कंपवात निघाला होता आणि लिहिणं सुटलं होतं. मुलगा गेल्यावर नाना बराच वेळ हातातली निब कापडानं पुसत राहिले. मग म्हणाले, "पेन कधी अक्षर लहान करत नसतं गं. ते माझ्यासमोर लिहीत होते आणि मी निबच बघत बसलो. डॉक्टरकडे जा, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं." नाना आता नाहीत. पण ते वाक्य माझ्याकडे राहिलं, आणि ते मला ज्यांच्यावर वापरावं लागलं त्या करंदीकर बाई.

बाई आमच्या भागातल्या मराठी शाळेत शिकवायच्या. शाळेत अक्षर चांगलं असणं हा गुन्हा आहे आणि त्याला जन्मठेप होते. नोकरीला लागल्या त्या वर्षी मुख्याध्यापकांनी त्यांच्यासमोर दहावीच्या मुलांच्या प्रशस्तिपत्रकांचा गठ्ठा ठेवला, "तुमचं अक्षर छान आहे, नावं तेवढी घाला." ते तेवढं पुढे संपलंच नाही. निवृत्त झाल्यावरही दर वर्षी निरोप समारंभाआधी गठ्ठा घरी यायचा. डोंबिवलीत तुम्ही कुठल्याही जुन्या घरात गेलात आणि टीव्हीच्या वर फ्रेममध्ये काळ्याभोर, भरदार अक्षरात कुणाचं नाव दिसलं, तर ते बाईंनी लिहिलेलं असण्याची शक्यता दाट. त्यांचं पेन नानांनी घडवलेलं. त्याची निब टोकाला सपाट, तिरकी घासलेली. कट निब म्हणतात तिला. तिच्यामुळे उभी रेघ जाड येते आणि आडवी वळताना बारीक होते. देवनागरीला तीच शोभते.

मला त्या "नटवे" म्हणायच्या. काउंटरवरचे माझे प्रयोग त्यांनी पहिल्या रांगेतून पाहिले होते.

दिवाळी झाली आणि बाई तणतणत आल्या.

"नटवे, काय करून ठेवलंस माझ्या पेनाचं?"

"मी? बाई, दसऱ्याला धुऊन दिलं, त्यानंतर मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही."

"ओकतंय नुसतं. हे बघ. अक्षरांची पोटं भरतायत."

व, ब, क यांच्या पोटात थोडी पांढरी जागा असते. ती मोकळी राहिली की अक्षर श्वास घेतं. बाईंनी आणलेल्या कागदावर ती सगळी पोटं काळी झाली होती. "शाई कमी सोड म्हणावं ह्याला," बाई म्हणाल्या. "या वर्षी घोळ नकोय मला. शेवटची बॅच आहे."

ते मला माहीत होतं. शाळा बंद होत होती. खालचे वर्ग एकेक करून आधीच मिटले होते आणि दहावीत एका टेम्पोत मावतील एवढी मुलं उरली होती. संस्थेनं ठरवलं होतं, एवढ्याशा मुलांची नावं छापूनच घेऊ. बाई जाऊन भांडल्या होत्या. "इतकी वर्षं प्रत्येकाचं नाव हातानं लिहिलं, आणि शेवटच्यांना छापून देणार? त्यांनी काय घोडं मारलंय?" काम त्यांनी ओढून आणलं होतं. आता ते पार पाडायचं होतं.

मी पेन त्यांच्याच हातात दिलं. "लिहा बघू." आमच्या भिंतीवर बाईंनीच याच पेनानं नानांना लिहून दिलेली पाटी आहे, "पेन पाहताना जोर देऊ नये." म्हटलं, तेच लिहा. त्या लिहायला लागल्या आणि मी हात बघायला लागले. पहिला शब्द बरा आला. पुढे अक्षरं लहान होत गेली, रस्त्यानं लांब जाणाऱ्या माणसासारखी. शेवटचं "नये" तर भिंगातून बघण्याजोगं. मनगट हलत नव्हतं. कोपर काउंटरला खिळल्यासारखं. मी पाटी काढून कागदाशेजारी ठेवली. रेघेची जाडी अगदी तेवढीच होती. पेन एक थेंबही जास्त सोडत नव्हतं. जाड रेघेत लहान अक्षर काढलं की त्याचं पोट भरणारच.

मग मी बोलले. "बाई, पेन ठणठणीत आहे. अक्षर लहान झालंय."

"अक्षर लहान कसं होईल? काढतेय मी!"

"तेच म्हणतेय. एकदा डॉक्टरांना दाखवून या. मेंदूच्या."

हा शेवटचा शब्द मी जरा मागाहून, दुसऱ्या अंकात घ्यायला हवा होता. बाई ताडकन उठल्या.

"मेंदूच्या? म्हणजे मी वेडी झाले?"

"तसं नाही हो बाई, नानांचं एक गिऱ्हाईक..."

"पेन दुरुस्त करता येत नाही, आणि निघाली गिऱ्हाईक दुरुस्त करायला! नाना असते तर त्यांनी आधी निब बघितली असती."

त्या गेल्या. पाटी काउंटरवर आणि तिच्याशेजारी तो कागद. गल्लीतला फुलवाला माझं तोंड बघून म्हणाला, "काय मेघनाताई, प्रयोग पडला काय?"

आणि मग बाई खरेदीला निघाल्या. या वयात, एकट्या, उन्हातान्हात, शहरभर. मला बातम्या मिळत गेल्या, कारण पेनवाल्यांची जात लहान आहे. सगळे एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांची गिऱ्हाइकं ओळखतात. ठाण्याहून जिग्नेशभाईंचा फोन आला. त्यांचं दुकान माझ्या तिप्पट आणि मराठी माझ्या एक तृतीयांश.

"भाभी, तुमचे बाई आज माझ्याकडे आले. तुमच्याशी कट्टी केली काय?"

"काय मागतायत?"

"एकदम पातळ निब मागतात. शाई कमी सोडणारा पेन. देऊ ने?"

"द्या. पण लिहिताना त्यांचा हात बघा."

"हात कशाला बघू? माझी बायको बघेल मला."

फोन ठेवला. संध्याकाळी त्यांचा परत फोन. या वेळी मस्करी नव्हती. "भाभी, बघितला. नाव लिहिता लिहिता लहान होत जाते. आपल्यालाच कसातरी होते. पण मी काय बोलू? गिऱ्हाईक आहे, मोठे बाई आहेत. पेन दिला."

नंतर कल्याणच्या दुकानातून तसाच निरोप आला. त्यांनीही एक पेन दिलं, वर एक शाईची बाटली. कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमचा धंदाच तो. माणूस पेन मागतो, आम्ही पेन देतो. पण खरं सांगते, मला भयंकर मत्सर वाटत होता. माझी बाई दुसऱ्यांच्या काउंटरवर बसून लिहितेय! आणि मत्सराच्या खाली भीती होती. दिवस जात होते, फेब्रुवारीतला समारंभ जवळ येत होता, आणि त्या रोगाच्या नाही, निबेच्या मागे लागल्या होत्या.

संक्रांतीच्या सुमाराला त्या आल्या. काही न बोलता स्टुलावर बसल्या, पर्स उघडली आणि काउंटरवर पालथी केली. पेनं घरंगळत माझ्यापर्यंत आली. काळी, निळी, एक लाल, एक सोनेरी क्लिपचं.

"हे ठाण्याचं," बाई म्हणाल्या. "हे कल्याणचं. हेही कल्याणचं, शेजारच्या दुकानातलं. हे मॉलमधलं. तिथली मुलगी हातमोजे घालून पेन दाखवत होती. मला वाटलं, ऑपरेशन करते की काय. लिहून बघू दे म्हटलं तर म्हणते, सॉरी मॅम, शाईत नुसतं बुडवून दाखवते. मी म्हटलं, अगं, नवरा बघायला आलेय का मी, नुसता लांबून?"

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी एकेक पेन उचलून ओळीत लावायला सुरुवात केली, वर्गात मुलं उभी करावीत तशी.

"सगळी ओकतात," त्या म्हणाल्या.

शेवटचं घरंगळणारं पेन मी अडवलं आणि ओळीत लावलं.

"अख्खा वर्ग नापास झाला ना मेघना, की तपासणाऱ्यानं आधी आपला चष्मा पुसायचा असतो. मी ते दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगायची." नटवे नाही, मेघना. "रिक्षात बसल्या बसल्या पुसला आज. चल, कुठल्या डॉक्टरकडे जायचं?"

त्यांचा मुलगा ठाण्यात, कोलशेतला टॉवरमध्ये राहतो. त्याला त्यांनी कळवलं नव्हतं. कळलं की तो आपल्याला घेऊन जाईल आणि गठ्ठा इथेच राहील, ही त्यांची भीती. म्हणून ठाण्याला डॉक्टरांकडे मीच बरोबर गेले. त्यांनी बाईंना चालायला लावलं. चालताना बाईंचा डावा हात हलत होता आणि उजवा नुसता लटकत होता. मी इतकी वर्षं त्यांना चालताना पाहिलं होतं, पण कधी नीट बघितलं नव्हतं. मग डॉक्टरांनी लिहायला बॉलपेन पुढे केलं.

"ह्यानं मी वाण्याची यादीसुद्धा लिहीत नाही," बाई म्हणाल्या आणि पर्समधून आपलं पेन काढलं.

डॉक्टरांनी कागद बघून कंपवात म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "पण माझा हात कापत नाही."

"कापायलाच पाहिजे असं नाही आजी. अक्षर लहान होत जाणं, हे पुष्कळदा आधी दिसतं."

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं दिवाळीतच सांगितलं होतं. मी हिला हाकलून दिलं."

गोळ्या लिहून दिल्या. गोळी घेतल्यावर काही वेळानं हात मोकळा होईल, मग पुन्हा आखडेल. आणि डॉक्टर जाता जाता म्हणाले, वर-खाली दोन रेघा आखून त्यांच्या मधे लिहा, अक्षर मोठं ठेवायला मदत होते.

डोंबिवलीला उतरून रिक्षात बसल्यावर बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी उलगडून पुन्हा वाचली. मग एकदम म्हणाल्या, "दुरेघी?"

पहिलीतल्या मुलांच्या अक्षराला वळण लावायला दोन-दोन रेघांची वही देतात, ती दुरेघी. बाईंनी उभ्या आयुष्यात किती मुलांना दुरेघीतून बाहेर काढलं असेल. "मी दुरेघीत लिहू? त्या पोरांसारखं? रेघेला हात लावायचा नाही, बाहेर जायचं नाही?"

मी म्हटलं, "रेघा मी आखते. पेन्सिलीनं, हलक्या हातानं. नंतर खोडून टाकू. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना," बाई म्हणाल्या. घर आलं. उतरताना म्हणाल्या, "पट्टी चांगली घे. तुझा काही भरवसा नाही."

तेव्हापासून बाई दुपारी दुकानात यायच्या. गल्ली तेव्हा पेंगलेली असते. घरून गोळी घेऊन निघायच्या, म्हणजे पोचेपर्यंत ती लागू पडलेली असायची. मी त्यांच्या पेनाची जीभ जराशी मोकळी करून दिली होती, शाई आपण होऊन उतरावी, हाताला ढकलावं लागू नये इतकीच. प्रशस्तिपत्रकावर मी दोन रेघा आखायची. बाई नाव मोठ्यानं म्हणायच्या आणि मग लिहायच्या. म्हटल्यावर हात ऐकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ऐकायचाही. दोन रेघांच्या मधे व, ब, क यांची पोटं पुन्हा पांढरी झाली. तेच भरदार काळं अक्षर. काही नावं झाली की हात थकायचा. मग चहा आणि टवाळी.

"तीन आर्या आहेत गं यंदा. पूर्वी तीन सुनीता असायच्या."

"आणि पुढे?"

"पुढे या शाळेत कोण असणार आहे?" बाई म्हणायच्या आणि कप खाली ठेवायच्या.

मला कबूल केलं पाहिजे, त्या दुपारी माझ्या धंद्यातल्या सगळ्यात सुखाच्या होत्या. गिऱ्हाईक आलं तर मी ओठांवर बोट ठेवून त्याला उंबऱ्यावर थांबवायची. लोकही थांबायचे. एकदा भिंगवाला तो मुलगा आला आणि भिंग खिशात ठेवून नुसता बघत उभा राहिला.

शेवटच्या दुपारी एकच नाव राहिलं होतं. वैदेही दत्ताराम पाटील. दिवा स्टेशनाकडून येणारी मुलगी, पाण्याचा टँकर आला की शाळेला उशिरा यायची, असं बाईंनीच सांगितलं. संध्याकाळी शाळेचा शिपाई गठ्ठा न्यायला येणार होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभ. बाई त्या दिवशी उशिरा आल्या. गोळी घेतली होती, पण का कोण जाणे, तिनं दाद दिली नव्हती. चेहराच सांगत होता. मी म्हटलं, थोडं थांबू या. थांबलो. चहा झाला. बाई म्हणाल्या, "आख."

"वैदेही" सुरेख आलं. मग दत्तारामचा "द". आणि हात तिथेच थांबला. पेन कागदावर टेकलेलं होतं, बोटं पेनावर होती, आणि हात पुढे जाईना. बाई "त्ता" म्हणत होत्या. मोठ्यानं म्हणत होत्या. पुन्हा म्हणाल्या. शाईपेन कागदावर टेकून ठेवलं की कागद शाई पीतच राहतो. "द"च्या शेपटीशी काळा ठिपका फुगायला लागला. मी त्यांच्या बोटांतून पेन अलगद सोडवून घेतलं.

आम्ही हात चोळला. गरम पाण्याची पिशवी शेजारच्या घरून आणली. जास्तीचं छापलेलं एकच प्रशस्तिपत्रक होतं, ते पहिल्या दिवशी सरावात गेलं होतं. ऊन गल्लीतून वर सरकलं. बाईंनी दोनदा पेन हातात घेतलं आणि टेकवायच्या आधी खाली ठेवलं.

"तू लिही," त्या म्हणाल्या.

आता एक धंद्यातलं गुपित. पेनवाल्यांचं अक्षर वाईट असतं. आम्ही दिवसभर कागदावर गोल काढतो, इंग्रजी आठ काढतो, रेघोट्या मारतो. लिहीत कधीच नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. "बाई, मी नको. तुमच्या अक्षराशेजारी..."

"शिपाई येईल. पोरीला अर्धं नाव द्यायचं का? बस इथे."

मी बसले. बाई माझ्या मागे उभ्या राहिल्या. त्यांचं पेन माझ्या हातात खरखरायला लागलं, ते त्यांच्या हातानं झिजलेलं होतं. "तिरकं धर," त्या कानाशी म्हणाल्या. "आणखी तिरकं. आधी दांडा खाली आण. घाई नको. आता पोटातून दोन रेघा. अगं, वरची लहान! आता काना." मी लिहीत गेले. माझ्या मानेला घाम फुटला होता. एवढं सगळं आयुष्य काउंटरवर नाटक केलं आणि ज्या क्षणी खरोखर काही उतरवायचं होतं, तेव्हा माझ्या बोटांत काही नव्हतं. "राम" वाकडा आला. "पाटील"मधला "ट" रेघेखाली गेला. बाई एकदाही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शाई वाळल्यावर त्यांनी डाव्या हातानं खोडरबर घेऊन रेघा खोडल्या. शिपाई आला आणि गठ्ठा घेऊन गेला.

समारंभानंतर बाईंच्या मुलाला सगळं कळलं आणि तो त्यांना कोलशेतला घेऊन गेला. मी जाते अधूनमधून. उंचावर घर आहे, खिडकीतून खाडी दिसते. त्यांचा आवाज आता अगदी हलका झालाय, जवळ वाकून ऐकावं लागतं. तरी "नटवे" म्हणतात. लिहिण्याबद्दल आम्ही बोलत नाही.

दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर एक मुलगी दुकानात आली. दोन वेण्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळी. काउंटरवर ती सोडवून तिनं प्रशस्तिपत्रक पसरलं. मी नाव वाचायच्या आधी अक्षर ओळखलं. माझं अक्षर लांबूनही ओळखू येतं.

"काकू, तुमच्याकडे करंदीकर बाई येतात ना? त्यांना सांगा ना, माझं नाव परत लिहून देतील का? बाकी सगळ्यांची त्यांनी लिहिलीत. माझंच नाही."

"बाई आता लिहीत नाहीत गं. आजारी आहेत."

"माझ्या आईच्यावर त्यांचंच अक्षर आहे. मावशीच्यावर पण. घरी दोन्ही शेजारी शेजारी लावलीत." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. "आईनं माझ्यासाठी खिळा पण मारून ठेवलाय."

या काउंटरवर मी आजवर काय काय थापा मारल्या आहेत. त्या वेळी एकही सुचली नाही. मी म्हटलं, "अर्धं त्यांनीच लिहिलंय."

तिनं मान वर केली. "कुठलं अर्धं?"

मी "द"च्या शेपटीवरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथपर्यंत."

ती वाकून बघायला लागली. मग तिनं आपला तळहात पसरून ठिपक्याच्या पुढचं सगळं, बापाचं नाव आणि आडनाव, झाकून टाकलं, आणि बाहेर राहिलं होतं तेवढ्याकडे बघत उभी राहिली.